परवान्याची बंदूक घरात ठेवताना : नव्या परवानाधारकांसाठी

बंदूक विकत घेण्याआधी ती घरात कुठे ठेवायची ते ठरवा. बहुतेक घरांत हे उलट होतं. परवाना मिळाल्याच्या आनंदात नवी दुनळी येते, कपाटाचं "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून राहून जातं, आणि तोवर बंदूक माळ्यावर, कपड्यांच्या कपाटावर नाहीतर गादीखाली पडून असते. तो एक महिना सगळ्यात धोक्याचा असतो. घरात सगळ्यांना नवलाई असते, जो येतो तो "दाखवा की जरा" म्हणतो, आणि मालकाच्या हातालाही अजून सवय झालेली नसते.

हा लेख भारतात पहिल्यांदाच शस्त्रपरवाना मिळालेल्यांसाठी आणि वडिलांची बंदूक नावावर करून घेणाऱ्यांसाठी आहे. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांनाही तो उपयोगी पडेल.

आधी कायदा

आपल्याकडे शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालचे शस्त्र नियम, २०१६ लागू आहेत. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात. आधी ही मर्यादा तीनची होती. वारसाने आलेली बंदूकही या दोनांतच धरली जाते. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली.

अर्ज करताना तुम्ही बंदुकीच्या सुरक्षित वापराचं आणि साठवणुकीचं हमीपत्र दिलेलं असतं. बाकीच्या कागदांच्या गठ्ठ्यात त्यावर सही होऊन जाते आणि नंतर ते कुणाला आठवत नाही. त्याची प्रत शोधून काढा आणि परवान्यावर छापलेल्या अटींसोबत सावकाश वाचा. उद्या काही झालं तर चौकशी अधिकारी पहिल्यांदा हेच दोन कागद समोर ठेवील. कुठल्या बोअरचं (नळीच्या आतल्या मापाचं) शस्त्र, एका वेळी किती काडतुसं बाळगता येतात, वर्षभरात किती घेता येतात, परवाना कुठल्या हद्दीपुरता आहे, हे सगळं तुमच्या परवान्यावर लिहिलेलं असतं. शेजाऱ्याच्या परवान्यावर काय आहे त्यावरून अंदाज बांधू नका.

अटींचा भंग झाला आणि त्यासाठी कायद्यात वेगळी शिक्षा सांगितलेली नसली, तर कलम ३० लागतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बघून याला हलकं समजू नका. कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्दही होऊ शकतो. शिवाय तुमच्या निष्काळजीपणामुळे कुणाचा जीव गेला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

परवाना एका माणसाच्या नावावर असतो, घराच्या नावावर नाही. सगळ्या साठवणुकीचा पाया हाच आहे. नवरा परवानाधारक असला म्हणून बायकोला किंवा मुलाला ती बंदूक हाताळायचा हक्क मिळत नाही. कलम ३ मध्ये थोडी सवलत आहे : परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी, किंवा खुद्द परवानाधारकाच्या वापरासाठी शस्त्र नेऊ शकतो. एवढंच. घरच्या कुणाला किंवा राखणदाराला तुमच्या वतीने शस्त्र बाळगायचं असेल, तर त्याचं नाव रिटेनर म्हणून परवान्यावर रीतसर चढवून घ्यावं लागतं.

म्हणून साठवणुकीचा विचार करताना स्वतःला एकच प्रश्न विचारा : मी घरात नसताना या बंदुकीपर्यंत कोण पोचू शकतं? "कुणीही नाही" हेच उत्तर यायला हवं.

बंदूक रिकामी करणं

कपाटात जाणारी बंदूक रिकामीच हवी. रिकामी आहे असं वाटणं वेगळं आणि बघून खात्री करणं वेगळं. दर वेळी, पाच मिनिटांपूर्वीच पाहिलं असलं तरी, हे सगळं पुन्हा करायचं.

नळीचं तोंड माणूस नसलेल्या दिशेला, बोट चापाच्या बाहेर. दुनळी असेल तर वरचा खटका बाजूला ढकला, बंदूक मोडा (म्हणजे बिजागरीवर उघडा), दोन्ही काडतुसं काढा आणि दोन्ही नळ्यांतून उजेडाकडे पाहा. आरपार गोल उजेड दिसला पाहिजे. आत गंज, चिंधीचा तुकडा किंवा कुंभारमाशीचं घर असेल तर तेही याच वेळी दिसतं.

पिस्तुलात क्रम चुकवायचा नाही. आधी मॅगझिन (गोळ्यांची सुटी पेटी) काढायचं, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढायची. उलट केलंत तर चेंबरमधली (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते त्या जागेतली) गोळी बाहेर पडते आणि मॅगझिनमधली पुढची तिची जागा घेते. त्यानंतर मॅगझिन काढून माणूस समजतो की पिस्तूल रिकामं झालं, आणि आत एक गोळी तशीच असते. स्लाइड मागे अडकवून ठेवा, चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहा आणि करंगळी घालून चाचपा. अंधारात किंवा घाईत डोळे फसतात, बोट फसत नाही. रिव्हॉल्व्हरचं चक्र बाहेर काढून एकूण एक घर बघायचं.

ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू भरायच्या, बंदुकीचा प्रश्न वेगळा आहे, आणि कोकणात अजून बऱ्याच घरांत ती आहे. ती मोडता येत नाही, त्यामुळे आत बार आहे की नाही हे वरून कळत नाही. त्यासाठी दारू ठासायच्या गजावर खूण करून ठेवा. नळी रिकामी असताना गज तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर पक्की रेघ मारा. पुढच्या वेळी रेघ नळीच्या बाहेर राहिली, तर आत काहीतरी आहे. भरलेली ठासणी भिंतीला टेकवून ठेवायची आणि रात्री डुक्कर आलं की उचलायची, ही जुनी सवय मोडलीच पाहिजे. टोपी (दारूला ठिणगी देणारी) काढली म्हणून बंदूक सुरक्षित झाली असंही नाही. दारू आतच असते, आणि टोपी बसवायला कुणालाही दोन सेकंद पुरतात.

कपाट

लांब बंदुकीसाठी उभं, जाड पत्र्याचं, बिजागऱ्या आतून असलेलं लोखंडी कपाट घ्या. ते भिंतीला किंवा जमिनीला आतल्या बाजूने बोल्ट मारून पक्कं करा. नुसतं उभं केलेलं कपाट दोन माणसं उचलून टेम्पोत टाकू शकतात. काचेचं दार असलेलं शोभेचं कपाट अजिबात नको. ते चोराला बंदूक कुठे आहे ते सांगतं आणि पोराला ती रोज दाखवतं.

पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हरसाठी छोटी तिजोरी चालेल, पण तीसुद्धा बोल्टने बसवलेली हवी. सुटी तिजोरी पिशवीत घालून नेता येते आणि मग सावकाश फोडता येते.

कपाट अशा जागी ठेवा जिथे पाहुण्यांची ये-जा नाही. स्वयंपाकघराला आणि गॅस सिलिंडरला लागून नको. न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला टेकवून तर नकोच.

बाजारात चापाला लावायचं कुलूप आणि नळीतून जाणारं केबलचं कुलूप मिळतं. दोन्ही उपयोगी आहेत, पण कपाटाच्या जोडीला, कपाटाऐवजी नव्हे. चापाचं कुलूप भरलेल्या बंदुकीला कधीही लावू नका, लावतानाच चाप दबू शकतो. त्या दोघांत मला केबल जास्त पसंत आहे, कारण ती चेंबरमधून किंवा नळीतून ओवावी लागते. आत काडतूस असेल तर ती जातच नाही, म्हणजे तपासणी आपोआप होते.

आणखी एक उपाय फारसा कुणी करत नाही, पण मी तो सगळ्यांना सांगतो. दुनळीचे तीन भाग सुटे होतात : नळ्या, दस्ता आणि पुढचा लाकडी भाग. बंदूक महिनोन् महिने वापरात नसेल तर ती सुटी करून ठेवा आणि पुढचा भाग दुसऱ्या कुलपात टाका. रायफल असेल तर तिचा बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलून बंद करणारा दांडा) काढून वेगळा ठेवा. कपाट फुटलं तरी चोराच्या हाती लागलेली बंदूक लगेच चालवता येत नाही.

काडतुसं

काडतुसं वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात, वेगळ्या किल्लीने. बंदूक आणि काडतुसं एकाच कपाटात असतील तर ते कपाट उघडणाऱ्याला सगळंच मिळालं.

काडतुसं मूळ खोक्यातच राहू द्या. बरणीत किंवा डब्यात ओतून ठेवली की बोअर, छर्ऱ्याचा नंबर आणि साल, सगळी ओळख जाते. घरात बारा आणि वीस अशा दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर ही गोष्ट जिवावरची आहे. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकतं. मागून पाहिलं तर चेंबर रिकामं दिसतं. माणूस त्यामागे बारा बोअरचं काडतूस घालतो, चाप ओढतो आणि नळी हातात फुटते.

एक वही ठेवा. कधी किती घेतली, किती वापरली, शिल्लक किती. महिन्यातून एकदा मोजून वहीशी ताळा करा. एखादं काडतूस कमी निघालं तर त्याच दिवशी शोध घ्या. घरातलं कुणीतरी कुलपापर्यंत पोचल्याची ती पहिली खूण असू शकते. जुनी, हिरवट पडलेली, फुगलेली काडतुसं कचऱ्यात टाकू नका, जाळू नका, पुरू नका. परवानाधारक शस्त्रविक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्यात विचारून तिथेच द्या.

किल्ली

कपाटावर हजारो रुपये खर्च करणारी माणसं किल्ली देवघरातल्या डबीत ठेवतात. सगळ्या व्यवस्थेत कच्ची जागा हीच असते.

लहान मुलांना घरातली प्रत्येक किल्ली माहीत असते. तुम्ही ती फोटोमागे टांगा, तांदळाच्या डब्यात घाला, शिवणयंत्राच्या खणात टाका, त्यांनी ती पाहिलेली असते. दिवसभर घरात तीच तर हिंडत असतात, आणि मोठ्यांचं लक्ष नसताना त्यांचं असतं. म्हणून किल्ली लपवायची नाही, अंगावर बाळगायची. झोपताना कुठे ठेवायची तेही ठरवून टाका. दुसरी किल्ली घरात नकोच, बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

आकड्यांचं कुलूप असेल तर घरातल्या कुणाचा वाढदिवस, गाडीचा नंबर किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे वापरू नका. कारखान्यातून आलेला आकडा पहिल्याच दिवशी बदला. बॅटरीवरच्या कुलपाची बॅटरी ठरलेल्या तारखेला, संपायची वाट न बघता बदला.

"पण रात्री चोर शिरला तर कुलपं उघडत बसू का?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि संरक्षणासाठीच परवाना घेतलेल्याने तो विचारणं रास्त आहे. त्यासाठी पलंगाजवळ पक्की बसवलेली, बोटाच्या ठशावर किंवा आकड्यांवर पटकन उघडणारी छोटी तिजोरी असते. अंधारात ती उघडण्याचा सराव करा, रिकाम्या शस्त्रासह. पण उशीखाली भरलेलं पिस्तूल ठेवू नका. अर्धवट झोपेत हात कुठे पडेल, शेजारी झोपलेलं मूल काय ओढेल, याचा भरवसा नाही.

मुलांशी बोला. बंदूक घरात आहे हे त्यांच्यापासून लपत नाही, त्यामुळे गूढ वाढवून उपयोग नाही. त्यांना एवढंच पक्कं शिकवा : बंदूक किंवा काडतूस कुठेही दिसलं तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं. हे पाठ झालं म्हणून कुलूप सैल करायचं नाही. मुलाचं वचन खरं असतं, पण कुतूहल त्याहून मोठं असतं.

कायद्याने २१ वर्षांखालच्या व्यक्तीला शस्त्र बाळगायला मनाई आहे. नेमबाजीच्या प्रशिक्षणासाठी लहान वयात सवलत मिळते, पण ती प्रशिक्षकाच्या किंवा परवानाधारकाच्या देखरेखीखालची सवलत आहे. घरी आल्यावर शस्त्र मोठ्यांच्याच कुलपात गेलं पाहिजे. ०.१७७ इंच बोअरपर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला परवाना लागत नाही. तरी त्या छर्ऱ्याने डोळा जातो, तेव्हा तिलाही कुलूप लावा.

घरात कुणाचं मन ठीक नसेल तर

याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. घरात बंदूक हाताशी असली की आत्महत्येने मृत्यू होण्याचा धोका वाढतो, हे जगभरच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. तो विचार अनेकदा काही मिनिटांचा असतो. ती मिनिटं निघून गेली तर माणूस वाचतो, पण बंदूक तेवढी उसंत देत नाही.

म्हणून घरात कुणी खोल निराशेत असेल, दारूचं व्यसन वाढलं असेल, भावाभावांत जमिनीचा वाद पेटला असेल, नवरा-बायकोत मारहाणीपर्यंत गोष्ट गेली असेल, तर बंदूक काही काळ घराबाहेर काढा. स्वतः परवानाधारकाचंच मन थाऱ्यावर नसेल तरी हेच करा. शस्त्रं सांभाळायचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ती सेफ कस्टडीत ठेवता येते, किंवा पोलीस ठाण्यात जमा करता येते. पावती घ्या. यात कमीपणा काही नाही. घरच्यांनीही हे सुचवायला संकोचू नये.

गावाला जाताना, घर बदलताना, निवडणुकीत

लांबच्या प्रवासाला निघताना बंद घरात बंदूक ठेवण्यापेक्षा ती विक्रेत्याकडे जमा करणं बरं. सोबत न्यायचीच असेल तर परवान्याची हद्द आधी बघा. सार्वजनिक जागी पिस्तूल होल्स्टरमध्ये (पिस्तुलाच्या म्यानात) आणि लांब बंदूक तिच्या आवरणात, पूर्ण झाकलेली असली पाहिजे. लग्नात, मिरवणुकीत हवेत बार काढायचा मोह कुणी कितीही घातला तरी नको. २०१९ पासून त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

घर बदललं तर नव्या पत्त्याची माहिती लगेच लेखी द्या आणि परवान्यावर पत्ता बदलून घ्या. पत्ता एक आणि बंदूक दुसरीकडे, अशी स्थिती राहू देऊ नका. गावच्या घरी भावाकडे बंदूक ठेवून स्वतः शहरात राहणाऱ्यांनी तर हे जरूर ध्यानात घ्यावं. भावाकडे परवाना नाही, म्हणजे तो विनापरवाना शस्त्र बाळगतोय. आणि तुमची जबाबदारीही सुटत नाही : शस्त्र प्रत्यक्ष हातात नसलं तरी त्यावर नियंत्रण असलं तर तो ताबाच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात म्हटलं आहे.

निवडणूक जाहीर झाली की शस्त्र जमा करण्याची नोटीस येऊ शकते. कुणाकडून शस्त्र घ्यायचं हे छाननी समिती ठरवते. नोटीस आली तर मुदतीत जमा करा. पावतीवर शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या नीट लिहिली आहे ना, ते तिथेच उभं राहून तपासा. परत घेताना त्याच पावतीवरून बंदूक पडताळून घ्या.

पावसाळा

जूनपासून कपाटाच्या आत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या ओलावल्या की बदला. बंदूक चामड्याच्या होल्स्टरमध्ये किंवा कापडी खोळीत घालून कपाटात ठेवू नका. दोन्ही ओल धरून ठेवतात आणि ती लोखंडाला चिकटते. पंधरा दिवसांनी काढून कोरड्या फडक्याने पुसा, तेलाचा अगदी पातळ हात द्या. तेल काडतुसांना लागू देऊ नका.

चोरी, मुदत आणि वारस

परवान्याची छायाप्रत, परवान्यावरचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर, बंदुकीवरचा क्रमांक आणि तिचे चारी बाजूंनी काढलेले फोटो, हा संच कपाटाच्या बाहेर दुसरीकडे ठेवा. बंदूक किंवा एखादं काडतूस हरवलं, चोरीला गेलं, तर त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि परवाना देणाऱ्या कार्यालयालाही कळवा. "आधी घरात शोधू, मग बघू" म्हणून आठवडा घालवलात आणि मधल्या काळात त्या बंदुकीने काही घडलं, तर उशीर का झाला याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

परवान्याची मुदत मोबाइलमध्ये लावून ठेवा आणि नूतनीकरणाचा अर्ज वेळेआधी करा. मुदत संपली, परवाना निलंबित किंवा रद्द झाला, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. सैन्यदलातल्या व्यक्तीला युनिटच्या शस्त्रागारातही जमा करता येतं.

परवानाधारक वारल्यावर घरचे दुःखात असतात आणि बंदूक कपाटात तशीच पडून राहते. वर्षभराने कुणालातरी आठवण होते. तोवर ती घरात परवान्याविना पडलेली असते. तेव्हा आजच घरातल्या एका जबाबदार माणसाला सांगून ठेवा : माझ्या माघारी कपाट उघडायच्या आधी पोलीस ठाण्याला कळवायचं, त्यांच्या सांगण्याप्रमाणे शस्त्र जमा करायचं, पावती घ्यायची आणि मग वारसाने परवान्यासाठी अर्ज करायचा. वयाची ७० वर्षं पूर्ण झाली असतील, किंवा शस्त्र २५ वर्षं तुमच्याकडे असेल, तर हयातीतच ते वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज देता येतो. वारसाचा स्वतःचा परवाना होईपर्यंत किल्ली मात्र तुमच्याच खिशात राहू द्या.